एसएसडी ‘डुप्लिकेट’ नाही: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

परभणी-हिंगोलीकडच्या सेवा केंद्रचालकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सांगतो तो असं: जुन्या लॅपटॉपला नवी एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) बसवा, सी ड्राइव्ह सगळा कॉपी करून तिच्यावर पेस्ट करा आणि जुनी हार्डडिस्क फॉरमॅट करून केसिंगमध्ये, म्हणजे यूएसबीला जोडायच्या डबीत, वापरा. लॅपटॉप चालू झाला नाही तर बायोसात, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगांत, ‘लेगसी’ ही सुरू होण्याची जुनी पद्धत निवडा. तरीही ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आलं तर एसएसडी डुप्लिकेट समजा. शिवाय डिस्क बदलली की विंडोजचं लायसन जातं, ते नवीन घ्या.

एसएसडी बसवावी, एवढं बरोबर आहे. बाकीच्या सल्ल्यांनी लोकांचा डेटा आणि पैसा दोन्ही चाललाय. परभणीत लॅपटॉप दुरुस्त करताना हे रोज समोर येतं, म्हणून लिहितोय.

आधी कॉपी-पेस्ट. लॅपटॉपची सुरुवात सी ड्राइव्हपासून होतच नाही. विंडोज 8 पासून पुढच्या बहुतेक लॅपटॉपांत मदरबोर्डवरचा यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) आधी डिस्कवरचं एक छोटं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा पाडलेला भाग, शोधतो. ते फॅट32 या साध्या फॉरमॅटमध्ये असतं, बहुधा 100 एमबीचं, आणि त्याला अक्षर दिलेलं नसल्यामुळे सी-डीच्या यादीत दिसत नाही. विंडोजला उठवणारी फाइल त्यात असते. सी ड्राइव्ह कॉपी केला की नेमकं तेच मागे राहतं. वर चालू विंडोजच्या रजिस्ट्रीच्या, म्हणजे तिच्या सगळ्या सेटिंगांच्या, फाइली उघड्या असतात, त्या कॉपी होत नाहीत. स्क्रीनवर तसं येतंही, पण माणूस ‘स्किप’ दाबून पुढे जातो.

पीकविम्याची मुदत संपत आली होती तेव्हा जिंतूर तालुक्यातले एक केंद्रचालक लॅपटॉप घेऊन आले. ‘‘दादा, केंद्रावर रांग लागलीय अन् ह्ये चालूच व्हईना. एसएसडी डुप्लिकेट निघाली.’’ मी एफ2 दाबून बायोस उघडला. एसएसडीचं नाव, मॉडेल, 240 जीबी, सगळं दिसत होतं. नाव दिसलं म्हणजे माल अस्सल, असंही नाही. खोट्या क्षमतेच्या डिस्का बाजारात आहेत. पण ‘नो बूटेबल डिव्हाइस’चा अर्थ एवढाच की उठवणारी फाइल सापडली नाही. एसएसडी दुसऱ्या मशीनला जोडून पाहिली, तर तिच्यावर एकच मोठं पार्टिशन. ते 100 एमबीवालं नव्हतंच.

बरं झालं, त्यांनी जुनी डिस्क अजून फॉरमॅट केली नव्हती. ती परत लॅपटॉपमध्ये लावली, एसएसडी केसिंगमध्ये घालून यूएसबीला जोडली आणि अख्ख्या डिस्कचा क्लोन केला, म्हणजे लपलेल्या पार्टिशनांसकट जशीच्या तशी नक्कल. जुनी 1 टीबीची होती, पण भरलेला डेटा 130 जीबीच होता, म्हणून 240 मध्ये बसला. मग जुनी काढून एसएसडी आत बसवली. बटण दाबलं आणि विंडोज आलं. दीड तासाचं काम.

‘फॉरमॅट करा’ ही ओळ मला सगळ्यात जास्त टोचते. त्या डिस्कवर पावत्या असतात, लेकरांचे फोटो असतात. नवी एसएसडी पंधरा दिवस नीट चालेपर्यंत जुनीला हात लावू नका.

हाच ‘नो बूटेबल डिव्हाइस’ दुसऱ्या वाटेनंही येतो. दोन्ही डिस्का जोडलेल्या असताना एसएसडीवर नवं विंडोज मारलं, तर इन्स्टॉलर उठवणारी फाइल बहुतेक वेळा जुन्या हार्डडिस्कच्या त्या छोट्या पार्टिशनमध्येच ठेवतो. लॅपटॉप छान चालतो. महिन्याभरानं कुणी जुनी डिस्क काढली की बंद! म्हणून विंडोज मारताना जुनी डिस्क काढूनच ठेवावी. झालंच असेल तर पुन्हा विंडोज मारायची गरज नाही. इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून चालू करा, शिफ्ट आणि एफ10 दाबा, उघडलेल्या काळ्या खिडकीत डिस्कपार्ट या कमांडनं एसएसडीवर 100 एमबीचं फॅट32 पार्टिशन आहे का पाहा. नसेल तर सी थोडा आखडून तयार करा, त्याला अक्षर द्या आणि बीसीडीबूट या कमांडनं उठवणाऱ्या फाइली तिथं लिहून घ्या. तिथं विंडोजचं अक्षर सीच असेल असं धरू नका, फोल्डर बघून खात्री करा.

आता ‘लेगसी’. डिस्कवर पार्टिशनांची नोंद ठेवायच्या दोन पद्धती असतात, नवी जीपीटी आणि जुनी एमबीआर. जीपीटी पद्धतीच्या डिस्कवरचं विंडोज लेगसीतून उठत नाही, म्हणजे हा उपाय चालू लॅपटॉपही बंद पाडू शकतो. जुनी डिस्क एमबीआर पद्धतीची असेल आणि तिचाच क्लोन केला असेल, तरच लेगसी लागतं. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर बायोसात काही बदलण्याआधी 48 आकडी रिकव्हरी की लिहून ठेवा. एसएसडी बायोसातच दिसत नसेल तर गोष्ट वेगळी. एम.2 या छोट्या पट्टीसारख्या एसएसडीच्या खाचेत साटा आणि एनव्हीएमई अशा दोन वेगळ्या जोडणीच्या, पण दिसायला जवळपास सारख्याच डिस्का बसतात, पण काही लॅपटॉपांचा स्लॉट त्यातली एकच ओळखतो. घेण्याआधी मॉडेल नंबरावरून बघून घ्या.

लायसनचं म्हणणं तर साफ चूक. विंडोज 10 आणि 11 चं डिजिटल लायसन मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्कशी नाही. विंडोजसकट विकत घेतलेल्या बहुतेक लॅपटॉपांत, विंडोज 8 च्या काळापासून, की मदरबोर्डवरच साठवलेली असते. तीच आवृत्ती पुन्हा टाकली आणि इंटरनेट जोडलं की ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. अडतं कुठं, तर विंडोजची होम आवृत्ती असलेल्या लॅपटॉपवर प्रो आवृत्ती मारून दिली जाते तिथं. मग ते लायसन मागतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं, डिस्क बदलली म्हणून गेलं. लॅपटॉप उघडायला देण्याआधी सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनचं पान उघडून होम आहे की प्रो ते बघा, मोबाइलवर त्याचा फोटो काढा आणि तेच टाकायला सांगा.