कुत्रं तयार करायचंय? मग आधी माळ बदला

अमेरिकेच्या दक्षिण भागात पॉइंटर, सेटर (वासाने पक्षी शोधून शिकाऱ्याला दाखवणारी कुत्री) तयार करणाऱ्यांची तक्रार जुनीच आहे: रानात बॉबव्हाइट (आपल्या लाव्याचा थोराड भाऊबंद) उरला नाही, म्हणून पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी आणून सोडावे लागतात. माझं मत स्पष्ट आहे. दरवर्षी पक्ष्यांवर होणारा खर्च आधी जमिनीवर करा.

पिंजऱ्यातला पक्षी धड उडत नाही. कुत्र्याने एकदा तो तोंडात धरला, की पॉइंट धरून, म्हणजे पक्ष्याच्या रोखाने स्तब्ध उभं राहून, थांबण्याऐवजी पुढे सरकायची खोड लागते आणि ती मोडणं फार कठीण. रानातला थवा मात्र जमिनीवरून पळत राहतो. वास पुन्हा शोधायचा, अंतर राखायचं, हे कुत्रं त्याच्यामागेच शिकतं. टेनेसीत एम्स प्लँटेशनवरच्या अशा कुत्र्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत सलग तीन तास धावत शोध घ्यावा लागतो. त्याची तयारी आणून सोडलेल्या पक्ष्यांवर होणार कशी?

पुष्कळ ठिकाणी खरी अडचण फेस्क्यू गवताची आहे. केंटकी-31 हे वाण 1940 च्या दशकापासून चाऱ्यासाठी सगळीकडे पेरलं गेलं. त्याची जमिनीलगत घट्ट गादी होते. बॉबव्हाइटचं पिल्लू जन्मतः जेमतेम 6 ग्रॅमचं, त्याला त्या गादीतून चालताच येत नाही, आणि पहिल्या आठवड्यांत लागणारे किडेही तिथे कमीच. त्याला हवेत ठोंब करून वाढणारं गवत आणि ठोंबांमधली उघडी माती.

फेस्क्यू नुसतं नांगरून जात नाही, बियांतून परत उगवतं. उन्हाळ्याच्या शेवटी ते कापून गवत उचलून न्या. शरद ऋतूत ताजी हिरवी वाढ 6 ते 8 इंच झाली, की ग्लायफोसेट हे तणनाशक फवारा. जुनं वाळकं गवत तसंच ठेवलं तर औषध पानांपर्यंत पोचत नाही. वसंतात पुन्हा उगवलेलं दिसलं तर दुसरी फवारणी, मग एप्रिल-मेमध्ये लिटल ब्लूस्टेम, इंडियन ग्रास ही तिथली देशी गवतं आणि पार्ट्रिज पीसारख्या शेंगवर्गीय वनस्पतींची पेरणी. बी पाव इंचाहून खोल गेलं तर उगवत नाही, आणि बरीच पेरणी इथेच फसते. गवताचं बी दाट पेरू नका, एकरी 4-5 पौंड शुद्ध जिवंत बी (मालातला खरोखर उगवणारा भाग) पुरे. पिशवीवर शुद्धता 80 टक्के आणि उगवण 60 टक्के असेल, तर 5 पौंडांसाठी साधारण साडेदहा पौंड माल लागतो. ब्लूस्टेमचं बी केसाळ असतं, साध्या पेरणी यंत्रात अडकतं. देशी गवताच्या बियांसाठी खास पेटी असलेलं यंत्र भाड्याने घ्या.

पहिल्या वर्षी सगळं तणच दिसेल. गवत तेव्हा मुळं धरत असतं. पेरणी वाया गेली म्हणून पुन्हा नांगर घालू नका. तण 8-10 इंचांवर छाटत राहा.

नंतर सांभाळणं आगीवर आहे. फ्लॉरिडातल्या टॉल टिंबर्स संस्थेचं कित्येक दशकांचं काम नेमकं याच विषयावर आहे. जागेचे तीन भाग करा, दरवर्षी एकच जाळा. सगळं एकदम जाळलं तर पक्ष्याला आडोसाच राहत नाही. आधी डिस्क हॅरोने (तव्यांच्या कुळवाने) जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा उघड्या मातीचा पट्टा, काढा, राज्याच्या वनखात्याचा परवाना घ्या, आणि वारा स्थिर नसेल त्या दिवशी आग लावू नका. हिवाळ्यात हॅरोच्या काही पट्ट्या मारल्या, की रॅगवीड हे तण आपोआप येतं. त्याचं बी पक्ष्याला हवंच असतं.

आणि माळात पक्षी घरटी करू लागले, की एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत तिथे ना कुत्रं सोडायचं, ना कापणी करायची. तेवढे महिने शिकवणीला वेगळा तुकडा ठेवा.