पासवर्ड विचारला म्हणजे फायरवॉल आडवी आलेली नाही, बाबांनो

परवा रात्री साडेदहाला दादाचा फोन. वहिनीच्या मॅकवरून त्याच्या विंडोज लॅपटॉपमधल्या फाइली घ्यायच्या होत्या, नाव-पासवर्ड टाकला की ती खिडकी थरथरते आणि परत तेच विचारते. आणि वर म्हणतो, "अरे त्या मेसेजमधलं सगळं करून झालंय." सगळं?? हो, सगळं. दीड तास गेला माझा ते निस्तरण्यात, म्हणून हे लिहितोय.

मेसेज तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा: विंडोज, मॅक, लिनक्समध्ये फाइली शेअर करताना पासवर्ड चुकीचा दाखवतंय ना, ते मायक्रोसॉफ्टच्या अपडेटने बिघडवलंय, उपाय पाच. एसएमबी१ (नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची जी एसएमबी नावाची भाषा आहे तिची जुनी आवृत्ती) चालू करा. फायरवॉल बंद करा. पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करून फोल्डरला 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' द्या. पासवर्ड मागितला तर लॉगिनचा पिन टाका. लिनक्स असेल तर फोल्डरला सीएचमॉड ७७७ मारा (म्हणजे कोणालाही सगळं करायची परवानगी द्या), लॉगिनचा पासवर्ड आपोआप चालतो.

आता आधी एक गोष्ट. दोन मशीन एसएमबीने बोलतात तेव्हा पहिल्यांदा ठरतं की कुठल्या व्हर्जनमध्ये बोलायचं, मग विचारलं जातं तू कोण, आणि मग कुठलं फोल्डर हवंय ते. याच क्रमाने. म्हणजे समोरच्याने नाव-पासवर्ड नाकारला याचा अर्थ तुम्ही त्याच्या दारापर्यंत पोचलात, भाषाही जुळली, फक्त त्याने तुम्हाला ओळखलं नाही. मग फायरवॉल बंद करून काय मिळवलंत? फायरवॉल आडवी असती तर पासवर्ड विचारायलाही कोणी आलं नसतं, विंडोजवर ०x८००७००३५ असा एरर येऊन 'नेटवर्क पाथ सापडला नाही' म्हणाला असता. तो आला तर बघा की घरचं वायफाय 'पब्लिक' म्हणून लागलंय का, ते 'प्रायव्हेट' करा. एवढंच. १३२६ किंवा ८६ नंबरचा एरर आला तर नाव किंवा पासवर्ड खरंच चुकतोय.

एसएमबी१ वर मात्र मी थांबणार आहे, कारण हा सल्ला नुसता निरुपयोगी नाही, घातक आहे. नेड पाइल नावाचा माणूस, तेव्हा मायक्रोसॉफ्टमध्ये एसएमबीचंच काम बघणारा, त्याने सप्टेंबर २०१६ मध्ये जाहीर लिहिलं होतं की एसएमबी१ वापरणं थांबवा. जे ते सांभाळतात तेच सांगतायत, अजून काय पुरावा पाहिजे. पुढच्या मे महिन्यात, २०१७ ला, वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस आला आणि याच एसएमबी१ च्या भोकातून मशीनमागून मशीन लॉक करत गेला, ब्रिटनच्या सरकारी हॉस्पिटलांचं कामकाज कोलमडलं. त्या भोकाचा पॅच मार्चमध्येच आला होता, पण लावतो कोण. त्याच वर्षीच्या शेवटी विंडोज १० च्या १७०९ व्हर्जनपासून नवीन इन्स्टॉलमध्ये एसएमबी१ येणं बंद झालं, सांबानेही (लिनक्सवर एसएमबी बोलणारं सॉफ्टवेअर) २०१९ मध्ये ४.११ पासून ते डिफॉल्टमधून काढलं. आणि मॅक? मॅक २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून एसएमबी२ ने बोलतोय. म्हणजे वहिनीच्या मॅकला दादाच्या लॅपटॉपवरच्या एसएमबी१ ची काडीची गरज नव्हती आणि दादाने ते चालू ठेवून, फायरवॉल बंद करून, तोच लॅपटॉप चार दिवस बाहेरच्या वायफायवर वापरला. कपाळावर हात मारला मी.

एक मान्य करतो, नाइलाजाने. एखादा जुनाट नेटवर्क हार्डडिस्कचा डबा किंवा ऑफिसातला जुना स्कॅनर असतो ज्याला एसएमबी१ सोडून काही येतच नाही, तिथे ते चालू केल्यावर खरंच चालतं, बहुतेक मेसेज लिहिणाऱ्याचं तसंच झालं असणार. पण तिथेही आधी त्या डब्याचं फर्मवेअर अपडेट होतंय का बघा. आणि अपडेटने बदललं हेही अर्धं खरं आहे. विंडोज ११ च्या २४एच२ व्हर्जनपासून, होम सोडून, साइनिंग (प्रत्येक निरोपावर डिजिटल सही) सक्तीचं झालंय आणि प्रोमध्येसुद्धा पासवर्डशिवायचं गेस्ट लॉगिन डिफॉल्टने नाकारलं जातं, कारण गेस्टला साइनिंगही जमत नाही आणि एन्क्रिप्शनही नाही.

आता गंमत बघा, यामुळे मेसेजमधला तिसरा उपाय स्वतःच्याच पायावर पडतो. पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद केलं म्हणजे तुम्ही सगळ्यांना गेस्ट म्हणून आत घेताय, आणि नवीन विंडोज प्रो गेस्ट म्हणून जायलाच तयार नाही. जुन्या विंडोजवरून किंवा मॅकवरून चालेल, हो, पण मग त्या वायफायवरचा कोणीही येऊन फाइली वाचेल आणि फुल कंट्रोल आहे म्हटल्यावर उडवेलसुद्धा.

पिन. हा तर कहरच. पिन त्या एका मशीनपुरता असतो, तो नेटवर्कवरून जातच नाही, जाऊच नये म्हणून तर बनवलाय. दादाचं नेमकं हेच झालं होतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप सेट केलेला, उघडतो पिनने, आणि मॅकवर नाव म्हणून टाकत होता युजर्समधल्या फोल्डरचं नाव, म्हणजे ईमेलची पहिली पाच अक्षरं. नाव म्हणून पूर्ण ईमेल टाकावा आणि पासवर्ड त्या अकाउंटचा. त्यातही मेख अशी की पहिल्या दिवसापासून पिननेच उघडत असाल तर कधीकधी लॅपटॉपला तो पासवर्ड माहीतच नसतो, एकदा पिनऐवजी पासवर्डने लॉगिन करावं लागतं. मला विचाराल तर या भानगडीत पडूच नका, विंडोजवर शेअरिंगपुरतं एक वेगळं लोकल अकाउंट काढा, पासवर्ड द्या (रिकामा नको, रिकाम्या पासवर्डचं अकाउंट नेटवर्कवरून डिफॉल्टने चालत नाही), विषय संपला.

सीएचमॉड ७७७ म्हणजे दारात अडवलंय आणि तुम्ही आतल्या कपाटाचं कुलूप काढताय. लिनक्सचा लॉगिन पासवर्ड सांबाला चालतो हेही साध्या सेटअपमध्ये खोटं, कारण लिनक्स पासवर्ड ज्या हॅशमध्ये (उलट फिरवता न येणाऱ्या ठशात) ठेवतो त्यावरून एसएमबीला लागणारा हॅश काढता येत नाही, म्हणून सांबा आपली वेगळी यादी ठेवतं. एसएमबीपासडब्ल्यूडी कमांड, मायनस ए, पुढे युजरचं नाव, मग पासवर्ड दोनदा. मॅकवर उलट्या बाजूने जायचं असेल तर तिथेही हेच कारण: फाइल शेअरिंगच्या ऑप्शन्समध्ये 'विंडोज फाइल शेअरिंग' खाली आपल्या अकाउंटवर टिक करून पासवर्ड परत टाकावा लागतो. ती टिक बऱ्याच जणांनी पाहिलेलीही नसते.

आणि मेसेजमध्ये जे नाहीच ते म्हणजे जुने साठवलेले पासवर्ड. कधीतरी पासवर्ड बदलला आणि विंडोजचा क्रेडेन्शियल मॅनेजर किंवा मॅकचं कीचेन गुपचूप जुनाच पाठवत बसतं. तिथली नोंद उडवा. १२१९ नंबरचा एरर आला तर त्याच मशीनशी दुसऱ्या नावाने आधीच कनेक्शन चालू आहे, ते तोडायची कमांड: नेट यूज, स्टार, स्लॅश डिलीट. (याने सगळे मॅप केलेले ड्राइव्ह सुटतात, आधी फाइली बंद करा.)

ज्यांनी मेसेजप्रमाणे करून ठेवलंय त्यांनी आज परत फिरवा: विंडोज फीचर्समध्ये एसएमबी १.० ची टिक काढून रीस्टार्ट, फायरवॉल चालू, पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग चालू, फोल्डरवरून एव्हरीवन काढून फक्त ते एक अकाउंट. दादाचं हे सगळं करून वहिनीच्या मॅकवर नवीन नाव-पासवर्ड टाकला, पहिल्या फटक्यात उघडलं. तोवर बारा वाजून गेले होते आणि वहिनी म्हणाली, राहू दे आता, फाइली मी संध्याकाळीच पेनड्राइव्हवर घेतल्या.