एकोणतीस, तीस आणि एकोणचाळीस

८५८९९३४५९१. आमच्या टीममधल्या नव्या मुलाला हा कुणाचा तरी मोबाइल नंबर वाटला. मलाही तसंच वाटलं असतं तर बरं झालं असतं. निदान फोन लावून शिव्या तरी घालता आल्या असत्या.

आमचा जावा या संगणक-भाषेतला प्रोग्राम एका छोट्या ३२ बिटी यंत्रावर, म्हणजे एका घासात ३२ बिटच गिळणाऱ्या यंत्रावर, चालायचा. किती बाइट पुढे गेले ते एक थ्रेड (प्रोग्राममधला एकाच वेळी शेजारी राबणारा गडी) मोजायचा, दुसरा तो आकडा सारखा वाचत बसायचा. सगळं सुरळीत. फक्त महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, चार जीबी ओलांडताना, आकडा क्षणभर थेट आठ जीबीवर उडी मारायचा आणि पुन्हा शहाण्यासारखा चारवर येऊन बसायचा. ग्राहकाचा फोन यायचा. मी माझ्या ६४ बिटी लॅपटॉपवर रात्रभर प्रोग्राम चालवायचो. काही नाही! मग यंत्रावरच जागोजागी प्रिंट टाकले, तर बग गायबच झाला. प्रिंट करताना जावा आतून कुलूप लावतं, त्यामुळे थ्रेडांची चालच बदलते, हे नंतर कळलं. तोवर साहेबांनी विचारून झालं होतं, "मग प्रिंट तसेच राहू द्यायचे का?" प्रश्न गंभीरपणे विचारला होता.

उत्तर सापडलं ते घरी, स्वयंपाकघरात.

आमच्याकडे दुधाचा हिशेब पाटीवर असतो. रोज एक लिटर, त्यामुळे आदल्या दिवशीचा आकडा पुसायचा आणि एक वाढवून लिहायचा. त्या दिवशी पाटीवर २९ होते. आईनं दोन पुसून तीन केला, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, ती गॅसकडे वळली. दारातून डोकावून दूधवाल्या भैयांनी वाचलं: ३९. "माँजी, उनतालीस हुए." आईनं आधी नऊ पुसून शून्य केला असता तर त्यांना २० दिसले असते आणि ते कायमचे रुसले असते.

मी हातातला चहा तसाच ठेवून लॅपटॉप उघडला. जावाच्या स्पेसिफिकेशनमध्ये १७.७ नावाचं एक कलम आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय की साधा लाँग किंवा डबल (६४ बिटांचे मोठे आकडे) लिहिताना त्याचे ३२-३२ बिटांचे दोन तुकडे केले तरी चालतील. आमच्या यंत्रावर तेच होत होतं. ४२९४९६७२९५ नंतर एक वाढला की वरचा अर्धा ० चा १ होतो आणि खालचा भरलेला अर्धा रिकामा होतो. या दोहोंच्या मध्ये कुणी डोकावलं की वरचा नवा, खालचा जुना. म्हणजे ८५८९९३४५९१. म्हणजे आठ जीबी. म्हणजे एकोणचाळीस लिटर.

त्याच कलमात उपायही होता. प्रोग्राममध्ये त्या आकड्याच्या नावाआधी व्होलाटाइल हा शब्द लिहा, तुकडे पडणार नाहीत. एका शब्दाची दुरुस्ती! साहेबांना ती संशयास्पद वाटली, कारण बिलात दोन आठवडे लावले होते.

पुढच्या आवृत्तीत मोजणारे थ्रेड दोन झाले आणि आकडा कमी भरू लागला. व्होलाटाइलचं वचन एवढंच, की दिसेल तो आकडा अख्खा दिसेल. एक वाढवणं मात्र तीन कामांचं असतं: वाचा, मिळवा, लिहा. वहिनीनं ३० वाचले, खडू शोधायला गेली. तोवर आईनं एक लिटर जादा घेऊन ३१ लिहिले. वहिनी परत आली आणि तिनंही ३१ लिहिले. एक लिटर दूध हवेत. (या चुकीबद्दल भैयांनी तक्रार केली, हे मला आजही अन्यायाचं वाटतं; जादाचे ३९ सांगताना त्यांचा आवाज किती गोड होता!) तिथे ॲटॉमिकलाँग हा जावातलाच तयार मोजणीदार वापरला. त्याची एक पद्धत अशी: अजून ३०च आहेत ना? तर ३१ लिही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. तपासणं आणि लिहिणं एका दमात, मध्ये कुणाला फट नाही.

मी हे आईला सुचवलं. लिहिण्याआधी जुना आकडा तोच आहे ना, एकदा बघत जा.

"म्हणजे मी खोटं लिहिते?" आई म्हणाली, आणि तिनं पाटीचा एकुलता एक खडू स्वतःच्या पर्समध्ये टाकला. यापुढे पाटीला तिच्याशिवाय कुणी हात लावणार नाही.

काल ती मावशीकडे नाशिकला गेली. पर्स घेऊन. आज सकाळपासून भैया दारात उभे आहेत, वहिनी पातेलं घेऊन उभी आहे, आणि पाटीवर अजून ३४च आहेत.