हेगला १९,४६७ चौरस किलोमीटर समुद्र ‘गमावला’ म्हणणाऱ्यांना

‘२०१४ साली भारताने १९,४६७ चौरस किलोमीटर समुद्र आणि तळपट्टी बेट बांगलादेशला देऊन टाकलं. हेगला जायलाच नको होतं.’ नंदनवनच्या अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणाऱ्या माझ्या भाच्याने हा मेसेज नोट्समध्ये उतरवून घेतला, तेव्हा गप्प बसणं शक्य नव्हतं.

आकडा खरा, अर्थ साफ खोटा. दोन्ही देशांचे दावे एकमेकांवर चढलेले होते ते बंगालच्या उपसागरातल्या २५,६०२ चौ. कि.मी. पाण्यात. त्यातले १९,४६७ बांगलादेशकडे गेले. आपल्या नावावर झालेलं काही गेलं नाही. हा वाद सोडवायला हेगमध्ये बसलेल्या लवादाचा ७ जुलै २०१४ चा निवाडाच उघडून बघा ना! लवादाने आधी दोन्ही किनाऱ्यांपासून समान अंतरावरची तात्पुरती रेषा आखली. बांगलादेशचा किनारा आत वळलेला असल्याने त्या रेषेने त्यांचा समुद्र पुढे चिंचोळा होत जातो. म्हणून रेषा १७७ अंश ३० मिनिटांच्या दिशेला वळवली. बांगलादेशने सरळ दक्षिण, १८० अंश मागितली होती. शेवटी किनाऱ्याच्या मानाने समुद्राची वाटणी बसते का, याचा ताळा केला. हिशेबात धरलेला किनारा भारताचा ८०३.७ कि.मी., त्यांचा ४१८.६, प्रमाण १.९२ ला १. समुद्र मिळाला आपल्याला ३,००,२२० चौ. कि.मी. आणि त्यांना १,०६,६१३, प्रमाण २.८१ ला १. किनाऱ्याच्या मानाने आपल्याकडे जास्तच आलं. मेसेजमध्ये नेमके हेच आकडे नाहीत.

तळपट्टी, म्हणजे सीमेवरच्या नदीच्या मुखाजवळचं ते छोटं बेट, रेषेच्या भारताकडच्या बाजूला आहे. तेही निवाड्याआधीच पाण्याखाली गेलेलं. विषय संपला.

हेगला न जाऊन काय झालं असतं? सागरी कायद्याचा करार भारताने १९९५ मध्ये मंजूर केला. त्याच्या सातव्या परिशिष्टाखाली बांगलादेशने ८ ऑक्टोबर २००९ ला नोटीस दिली, की लवाद बसणारच. दक्षिण चीन समुद्रावरून फिलिपिन्सने केलेल्या अशाच खटल्यात चीन गैरहजर राहिला, तरी २०१६ मध्ये निकाल लागला आणि विरोधात लागला. हजर राहिल्यामुळे लवादावरचा एक सदस्य तरी आपल्याला नेमता आला.

एवढं मान्य करावं लागतं की भारताला हवी होती ती समान अंतराची रेषा शेवटपर्यंत टिकली नाही, आणि आपण नेमलेले डॉ. पी. श्रीनिवास राव यांनी त्या वळणाशी असहमती नोंदवली. शिवाय एक पट्टा असा उरला, जिथे समुद्रतळ बांगलादेशचा आणि वरचं पाणी भारताचं. तिथे तळात तेलासाठी विहीर खणायची तर वरच्या मासेमारीचं काय, हे लवादाने ठरवलं नाही. ते दिल्ली आणि ढाक्याने आपसांत बसून ठरवायचं आहे.