शेवटच्या रांगेतून ऐकलेल्या बासबद्दल

नमस्कार. डबल बास (व्हायोलिनसारखं, पण उभं धरून वाजवायचं भलंमोठं खर्जाचं वाद्य) आणि हातानं वाजवायच्या ड्रमच्या आमच्या मैफलीला तुम्ही एकच तारा दिलात. ‘बासचा नुसता गडगडाट, सूर एकही कळेना, माइक लावायची तसदी नाही, मध्यंतर वीस मिनिटं लांबलं, आणि वादक वाद्य सोडून त्याच्या लाकडावर थापा मारत बसला,’ असं लिहिलंत. दालन माझं, कार्यक्रमही मीच ठरवला, तेव्हा उत्तर मीच देतो.

गडगडाटाचं तुमचं म्हणणं खरं आहे. तुम्ही भिंतीला लागून असलेल्या शेवटच्या रांगेत होतात. बासची सर्वांत खालची मोकळी तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते. त्या स्वराची एक लहर सव्वाआठ मीटरहून जरा लांब. आमचं दालन साडेबारा मीटर खोल. म्हणजे दीड लहर आत जवळजवळ मापून बसते. मग तो स्वर मागच्या भिंतीपाशी फुगतो आणि बाकीच्या स्वरांना झाकून टाकतो. दोनेक मीटर पुढे बसलेल्याला तोच स्वर चक्क अशक्त वाटतो. हे मला ठाऊक होतं. व्हायोलिनच्या मैफलीत जाणवत नाही, म्हणून याही वेळी त्या खुर्च्या विकल्या. चूक माझी. पैसे परत मिळतील, आणि बास असेल तेव्हा ती रांग रिकामी राहील. (जाड पडदा लावा, असं बरेच जण सुचवतात. इतक्या खालच्या स्वराला पडदा म्हणजे काहीच नाही.)

माइकचं मात्र मान्य नाही. त्यानं तोच गडगडाट आणखी वाढला असता. शिवाय ड्रमवादक तळव्याऐवजी बोटांच्या टोकांनी वाजवत होते ते बासला वाट द्यायलाच. तो तोल दोघांनी आपसांत सांभाळायचा, मागच्या टेबलावरच्या बटणांनी नव्हे.

मध्यंतराचं कारण कातडं. दालन भरलं की श्वासांनी हवा दमट होते, कातडं सैल पडतं, ड्रमचा सूर उतरतो. पुढच्या रचनेत तो बासच्या डी तारेशी मिळालेला हवा होता, म्हणून आत दिव्याखाली कातडं शेकणं चाललं होतं. प्लॅस्टिकच्या पुडीला हा त्रास नाही, पण तो आवाजही नाही. मी बाहेर येऊन एवढं सांगायला हवं होतं, आलो नाही.

थापांबद्दल: त्या स्वरलिपीत लिहिलेल्या आहेत, बोटांच्या पेरांनी कुठे आणि तळव्यानं कुठे, यासह. हे आजचं खूळही नाही. जेकब ड्रकमन यांच्या १९६९ च्या ‘व्हॅलेंटाइन’मध्ये बासवादकाच्या हाती टिंपनीची, म्हणजे नगाऱ्यासारख्या मोठ्या ड्रमची, काठी दिली आहे. तुम्हाला आवडलं नसेल तर तो तुमचा हक्क. पण वादक वेळ काढत नव्हते.

तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी दोन दिवस अडलो होतो: ‘दोघंही साथीचे, मग मुख्य कोण?’ तिसऱ्या रचनेत बास हार्मोनिक्स (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेले उंच, पातळ स्वर) घेत इतका वर चढतो की बासरीच वाटावी, आणि खाली ड्रमवादक एका हातानं कातडं दाबत सूर वर-खाली नेतात. चाल तेव्हा ड्रमकडे असते. पण भिंतीपाशी हे पोचलंच नसणार.

हे दोघं पुन्हा येणार आहेत. पुढून तिसऱ्या रांगेतली एक खुर्ची तुमच्यासाठी राखून ठेवतो, तिकिटाशिवाय. आवडलं नाही तर तेही इथेच लिहा.