विंडोचा कडेलोट

आमचं गाव मधोमध असलेलं. झिरो माईलचा तो खांब आणि शेजारचे चार घोडे दाखवून "देशाचा मध्य तो हाच" असं पाहुण्यांना सांगण्यात आमची हयात गेली. तेव्हा कडेचा जो काही सराव लागतो तो नागपूरच्या माणसाला नसायचाच, असा माझा आपला बचाव आहे. निकाल पुढे वाचून लावा.

मी मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या चुका काढायचे पैसे घेतो. नवतपा (मेअखेरचे आग ओकणारे नऊ दिवस) सुरू होता, कूलर घरघरत होता, आणि संत्रा लागवडीवरच्या एका पुस्तकाचं दुसरं प्रूफ उद्या सकाळी द्यायचं होतं. कामाची रीत सोपी. पडद्यावर डावीकडे प्रूफ, उजवीकडे लेखकाची मूळ प्रत, आणि मान टेबल फॅनसारखी इकडून तिकडे. 2009 साली विंडोज 7 आलं तेव्हापासून ही वाटणी हातात बसलेली. विंडो माउसने धरायची, कडेवर नेऊन आदळायची, ती अर्ध्या पडद्यावर चापून बसते. विंडोज 10 मध्ये तर कोपऱ्यात नेली की पाव हिस्सा. (खिडकी म्हणत नाही, कारण मे महिन्यात आमच्याकडे खिडकी म्हणजे कूलर बसवायची जागा.)

पण 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची एक चिप) लागतं, ते आमच्या म्हाताऱ्या मशीनमध्ये नाही. दिवाळीला पुण्याहून आलेल्या भाच्याने त्यात विंडोजच्या जागी लिनक्स टाकून दिलं. "फुकट आहे मामा, हलकं आहे, काही टेन्शन नका घेऊ."

टेन्शन मेमध्ये आलं. तोवर एकेकच फाइल उघडत होतो, वाटणीची वेळच आली नव्हती. प्रूफाची विंडो धरली, डाव्या कडेला नेली, आदळली. ती अर्धी झाली नाही. ती तशीच्या तशी हातात राहिली आणि मूळ प्रत मात्र नाहीशी झाली. मागे फक्त भाच्याने लावलेला डोंगराचा फोटो. मूळ प्रत पुन्हा उघडली, पुन्हा आदळापट केली. पुन्हा डोंगर. बाप्पा! तिसऱ्यांदा फाइल उघडू लागलो तर ती आधीच उघडलेली आहे असं मशीनने बजावलं. उघडलेली आहे तर दिसत का नाही, ते मात्र बोलेना.

भाच्याला फोन लावला.

"मामा, तुम्ही काय करून राहिले?"

"अर्धं-अर्धं करून राहिलो."

"हां, मग तुम्ही दुसऱ्या वर्कस्पेसवर गेले."

"मी खुर्चीतच आहे रे."

तेव्हा कळलं की या एका पडद्यामागे चार पडदे आहेत, आणि विंडो कडेपलीकडे ढकलली की तुम्ही तिला घेऊन शेजारच्या पडद्यावर जाता. माझं म्हणजे असं झालं, घरात चार खोल्या आहेत हे न कळताच मी दुपारभर एक ट्रंक घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत होतो. कंट्रोल, ऑल्ट आणि बाण दाबत सगळीकडे डोकावलो. एका खोलीत मूळ प्रत होती, दुसरीत तिचीच आणखी एक प्रत, तिसरीत कॅल्क्युलेटर. तो मी कधी उघडला, देव जाणे.

मग सेटिंग. 'विंडो मॅनेजर' उघडलं, 'ॲडव्हान्स्ड'वर गेलो. ओढलेल्या विंडोसोबत वर्कस्पेस बदलायची खूण होती, ती काढली. तिथेच 'स्नॅपिंग' दिसलं! पडद्याच्या कडांना, इतर विंडोंना, आणि खाली अंतराची सरकपट्टी. दोन्ही खुणा केल्या आणि पट्टी पार शेवटापर्यंत ओढली. कंजुषी कशाला?

त्याने झालं असं की विंडो कडेच्या आसपास फिरकली तरी चट्कन जाऊन चिकटे. दोन बोटं अलीकडे ठेवावी म्हटलं तर ठेवता येईना. इतकं करून आकार तोच, अर्धा नाहीच. कडेला टेकून उभी, बस.

पुन्हा फोन. भाचा आता ऑफिसातून हळू आवाजात बोलत होता. "मामा, स्नॅपिंग म्हणजे नुसतं चिकटणं. तुम्हाला पाहिजे ते टायलिंग. ते तिकडे नाही."

"मग कुठे?"

"'विंडो मॅनेजर ट्वीक्स'मध्ये. तिथे 'ॲक्सेसिबिलिटी'त."

म्हणजे पंगत मांडवात आणि पाणी शेजाऱ्याच्या गच्चीवर. विंडोज 7 ने जे एका शब्दात गुंडाळून शिकवलं होतं ते इथे दोन कामं म्हणून दोन घरी नांदत होतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. खरं सांगायचं तर ही फोड मला पटली. चिकटणं आणि जागा बळकावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाड्याच्या वाटण्या पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्याच पानावर आणखी एक सोय सापडली: ऑल्ट दाबून धरलं की विंडो कुठूनही पकडून ओढता येते, वरच्या पट्टीवर नेम धरावा लागत नाही. घामेजल्या हाताला ही मोठीच सवलत.

टायलिंगची खूण केली. श्वास धरून प्रूफ डाव्या कडेला नेलं. ते चापकन अर्ध्यावर बसलं. मूळ प्रत उजवीकडे नेली, तर जरा वरच्या कोपऱ्यात लागली आणि पाव झाली. पुन्हा ओढली तर वरच्या कडेला लागली आणि सगळा पडदा व्यापून बसली. तिसऱ्या खेपेस बसली. 1366 पिक्सेलच्या पडद्याचे दोन वाटे, दर वाट्याला 683. एवढ्यात अक्षरं मुंगीएवढी दिसतात, मोठी करावीत तर ओळीचं शेपूट कडेबाहेर जातं. तरी समोरासमोर ठेवल्याचा पहिल्याच पानावर फायदा झाला. लेखकाचा 'मृग बहार' प्रुफात 'मृत बहार' झाला होता. संत्रावाल्याने वाचलं असतं तर छापखान्यावर मोर्चा आला असता.

रात्री साडेनऊला बायको मशीनवर बसली. तिला ताईच्या नातवाच्या बारशाचे फोटो पाहायचे होते. मी स्वयंपाकघरात माठातलं पाणी घेत होतो.

"अहो! हे फोटो बाजूला सरकवले तर आपोआप अर्धे होऊन राहिले. बाळ दिसते, पाळणा कापला जाते. काय करून ठेवलं तुम्ही? काढा बरं ते."

मी पेला ठेवला, चष्मा पुसला, 'ट्वीक्स' उघडलं, 'ॲक्सेसिबिलिटी'वर गेलो आणि खूण काढली. प्रुफाची चाळीस पानं अजून उरली होती.