सुईचं नाक म्हणजे सुईचंच नाक, तो दरवाजा नव्हे

'श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं आहे' या येशूच्या वाक्याबद्दलचा तो मेसेज परत फिरायला लागलाय, आणि आता तो नुसता फॉरवर्ड राहिला नाही, प्रवचनात, बायबल स्टडीत, संडे स्कूलच्या वर्गातसुद्धा जसाच्या तसा सांगितला जातो. मेसेज असा: यरुशलेमच्या तटाला मोठ्या वेशीशेजारी एक छोटा दरवाजा होता, त्याचं नाव 'सुईचं नाक', रात्री मोठी वेस बंद झाली की उशिरा आलेल्या व्यापाऱ्याला उंटावरचं सगळं ओझं उतरवून, उंटाला गुडघे टेकायला लावून त्यातून आत सरकवावं लागायचं, म्हणजे येशूचं म्हणणं एवढंच की श्रीमंताने ओझं उतरवावं, नम्र व्हावं, की झाला देवाच्या राज्यात प्रवेश. ऐकायला छान आहे, लक्षातही राहतं, आणि सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो हे मला मान्यच आहे. पण हे खरं नाही, आणि ते सांगितल्याने मार्कच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायातला तो उताराच, जिथे एक श्रीमंत माणूस सार्वकालिक जीवनाबद्दल विचारायला येतो आणि सगळं विकून गरिबांना दे हे ऐकून खिन्न होऊन निघून जातो, आतून रिकामा होतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा, असा दरवाजा होता.

कुठे होता? जुन्या करारातल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या 3ऱ्या अध्यायात तटाची दुरुस्ती कोणी कुठे केली ते सगळं नावानिशी दिलंय, मेंढरे वेस, मत्स्य वेस, खोरे वेस, उकिरडा वेस, पाणी वेस, घोडे वेस, त्यात सुईचं नाक नाही. तो जुना काळ म्हणाल तर योहान 5व्या अध्यायात मेंढरे दरवाज्याचं नाव घेतो, प्रेषितांची कृत्ये 3 मध्ये मंदिराचा 'सुंदर' नावाचा दरवाजा येतो, आणि पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस, ज्याने ते शहर आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्याच्या तटांचं लांबलचक वर्णन लिहून ठेवलं, तोही या नावाचा दरवाजा सांगत नाही. उत्खननातही या नावाची वेस मिळालेली नाही. मार्कचं तर बघाच, तो आपल्या वाचकांना यहुदी रीतीभाती समजावून सांगतो, 7व्या अध्यायात हात धुण्याची पद्धत सांगतो, कुर्बान म्हणजे देवाला वाहिलेलं दान हे सांगतो, मग इथेच एका स्थानिक दरवाज्यावर सगळा अर्थ अवलंबून असताना तो गप्प का राहील? मत्तय आणि लूकही तेच वाक्य देतात, दरवाज्याचा उल्लेख तिघांपैकी कोणीच करत नाही. आणि हे बोलणं यरुशलेममध्ये झालंच नव्हतं, येशू तेव्हा अजून वाटेवर होता.

ही गोष्ट आपल्याला भेटते ती मध्ययुगातल्या टीपांमध्ये. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने शुभवर्तमानांवरची जुनी भाष्यं एकत्र केली, त्यात 1109 साली वारलेल्या कॅंटरबरीच्या आर्चबिशप आन्सेल्मच्या नावावर नेमकी हीच गोष्ट आहे, दरवाजा, गुडघे, उतरवलेलं ओझं सगळं. म्हणजे मधे हजारेक वर्षं गेली. त्याच्या कितीतरी आधीचा, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा धर्मशिक्षक क्लेमेंत घ्या, त्याने साधारण 200 सालच्या सुमारास याच उताऱ्यावर एक मोठं प्रवचन लिहिलं, श्रीमंत विश्वासणाऱ्यांनी निराश होऊ नये हाच त्याचा हेतू होता, तो दरवाजा त्याला माहीत असता तर त्याने तो पहिल्याच पानावर वापरला असता! त्याला तो माहीत नव्हता.

काहीजण म्हणतात आम्हाला तिथे गाइडने दाखवला. दाखवला असेल, पण रोमी सैन्याने इ.स. 70 मध्ये शहर उद्ध्वस्त केलं, आणि आज जुन्या शहराभोवती दिसणारा तट सोळाव्या शतकात सुलतान सुलेमानने बांधून घेतलेला आहे. मोठ्या वेशीत माणसापुरता छोटा दिंडी दरवाजा ठेवायची पद्धत अनेक जुन्या शहरांत आहे, पण अशा एखाद्या दाराला नंतर वचनावरून नाव पडणं वेगळं आणि येशूच्या काळी ते नाव असणं वेगळं.

दुसरा मुद्दा, उंट गुडघ्यावर रांगत जायचा. यावर फार लिहायची गरज नाही. उंट ओझं चढवायला-उतरवायला गुडघे दुमडून खाली बसतो हे खरं, पण त्याच अवस्थेत रांगत दारातून जाणारा प्राणी तो नाही, आणि व्यापाऱ्याने रात्रभर उंट बाहेर बांधून ठेवला असता, एवढा खटाटोप कशाला करेल?

तिसरा मुद्दा असतो की खरी सुई धरली तर वाक्याला अर्थच राहत नाही. असं का वाटतं मला कळत नाही, येशू असंच बोलतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ हे तोच म्हणाला, मत्तय 23 मध्ये परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, तुम्ही चिलट गाळून काढता आणि उंट गिळता हेही तोच म्हणाला, तिथे आपण गिळायला सोपा असा कुठला छोटा उंट शोधत नाही. नंतरच्या तालमूदमध्ये, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात, बाबेलचे रब्बी सुईच्या नाकातून जाणाऱ्या हत्तीचा दाखला अशक्य गोष्टीसाठी देतात, त्यांच्याकडे मोठा प्राणी हत्ती, येशूच्या ऐकणाऱ्यांच्या रोजच्या पाहण्यातला सगळ्यात मोठा प्राणी उंट. ऐकणाऱ्याला तिथल्या तिथे कळत होतं की हे होऊच शकत नाही, आणि तेच तर सांगायचं होतं.

आता चौथा मुद्दा, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. मेसेज म्हणतो की अर्थ एवढाच, ओझं टाका, गुडघे टेका, आत या.

कृपा करून पुढची वचनं वाचा. उंटाचं ऐकून शिष्य अतिशय थक्क होतात आणि एकमेकांत म्हणतात, मग तारण कोणाचं होणार? दरवाजा असता तर त्यांना धक्का कशाला बसला असता, गुडघे टेकणं तर कोणालाही जमतं. चौथ्या शतकातला प्रवचनकार योहान ख्रिसोस्तोम तर विचारतो की हे शिष्य स्वतः गरीब होते, मग ते का घाबरले, आणि त्याचं उत्तर असं की त्यांना इतरांच्या तारणाची काळजी वाटली. मला हे फार खोल वाटतं. मग येशू त्यांच्याकडे पाहून म्हणतो, माणसांना हे अशक्य आहे, देवाला नाही, देवाला सर्व शक्य आहे. माझ्या मते सगळा उतारा या 27व्या वचनाकडे चाललेला असतो, 'सार्वकालिक जीवन मिळावं म्हणून मी काय करू' या त्या माणसाच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळतं. आणि दरवाज्याची गोष्ट नेमकं हेच वचन अनावश्यक करून टाकते! अशक्य होतं ते अवघड झालं, अवघड होतं ते थोड्या नम्रतेत बसलं, आणि तारण परत आपल्याच गुडघ्यांच्या ताकदीवर आलं, म्हणजे तो माणूस ज्या प्रश्नाने आला होता तिथेच आपण ऐकणाऱ्यांना सोडून देतो. देवाला करायला काही उरतच नाही. ज्या माणसाने सगळं करून पाहिलंय, प्रार्थना, दान, उपास, आणि तरी पैशाची पकड सुटत नाही, त्याला ही गोष्ट सांगते की अजून थोडा वाक, आणि येशू त्याला सांगतो की तुझ्याने होणार नाही, म्हणूनच देवाकडे ये.

पाचवा मुद्दा मनातून येतो, की सुई खरी असेल तर येशू श्रीमंतांशी फारच कठोर झाला. मार्क 10:21 मध्ये लिहिलंय की येशूने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली, आणि त्यानंतर त्याला सगळं विकायला सांगितलं. या छोट्या उताऱ्यात मार्क तीनदा सांगतो की येशूने पाहिलं, एकदा त्या माणसाकडे, एकदा सभोवती, एकदा शिष्यांकडे, कठोर माणूस असं थांबून थांबून बघत नाही. आणि लूकमध्ये हा प्रसंग 18व्या अध्यायात आहे, लगेच 19व्यात जक्कय भेटतो, जकातदारांचा मुख्य आणि श्रीमंत. उंट सुईतून गेला तो इथे. पण क्रम बघा, जक्कयने आधी ओझं उतरवलं आणि मग त्याला प्रवेश मिळाला असं झालं नाही, येशूने त्याला झाडावरून नाव घेऊन खाली बोलावलं, आज मला तुझ्या घरी राहायचंय म्हणाला, आणि मग जक्कयचा हात सुटला, अर्धी मालमत्ता गरिबांना, फसवून घेतलेलं चौपट परत.

शेवटचा मुद्दा काही मेसेजमध्येच असतो, की ओझं उतरवलं की देव शंभरपट परत करतो. ते वचन आहे, पण अर्धं सांगू नका, मार्क 10:30 मध्ये घरं, भावंडं, आया, मुलं, शेतं या यादीत 'छळासह' हाही शब्द आहे.

ज्यांना वेदीवरून किंवा वर्गात बोलायचं असतं त्यांना माझी एक विनंती आहे. हा उतारा कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातल्या ब वर्षाच्या सामान्य काळातल्या (मोठ्या सणांच्या काळाबाहेरच्या) 28व्या रविवारी येतो, मत्तयातला सामान्य काळाच्या 20व्या आठवड्यात सोमवारी आणि मंगळवारी. तेव्हा दरवाज्याची गोष्ट गाळा. लोकांना वचन पेलणार नाही ही भीती मला समजते, पण तिसऱ्या शतकात इजिप्तमधला तरुण अंतोनी, जो पुढे संत म्हणून ओळखला गेला, चर्चमध्ये गेला तेव्हा हाच उतारा वाचला जात होता, तुझं असेल नसेल ते विकून गरिबांना दे, त्याने 300 अरूरा (तिथलं जमिनीचं जुनं माप) सुपीक जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली, बहिणीसाठी थोडं ठेवलं, आणि उद्याची चिंता करू नका हे ऐकल्यावर तेही दिलं. सगळ्यांनी तसंच करावं असं मी म्हणत नाही, जक्कयने अर्धं दिलं आणि येशू म्हणाला आज या घराला तारण प्राप्त झालंय. पण ऐकणाऱ्याला 25व्या वचनाचा धक्का बसू द्या, शिष्यांचा प्रश्न त्याच्या तोंडून येऊ द्या, आणि लगेच 27वं वचन मोठ्याने वाचा.